मेमने दिलेलं नाव

माझ्या हाताखालून जितकी अमेरिकन नावं गेली, तितकी एखाद्या पाद्र्याच्या हाताखालूनही गेली नसतील. आणि मी काही विद्वान नव्हे, रंगारी. कुवेतला मीना अब्दुल्ला बंदरातल्या अमेरिकन तेल कंपनीत टाक्यांवर आकडे, भिंतींवर ‘धोका’ आणि कामगारांच्या टिनच्या टोप्यांवर नावं रंगवायचं माझं काम. ब्रश सरळ चालायचा, इंग्रजी मात्र वाकडं होतं. अक्षरं मला यायची, त्यांच्यामागची भाषा येत नव्हती. तरी गावी सुट्टीवर गेलो की लोक म्हणायचे, ‘हा साहेबांमध्ये लिखापढीचं काम करतो.’ मी नाही म्हणायचो नाही.

टोपीवर फक्त पहिलं नाव घालायचं, असा तिथला नियम. आम्हा खाडीकाठच्या माणसांना हे भलतंच वाटायचं. आमच्याकडे आडनाव सांगितलं की गाव, मोहल्ला, घराण्यातलं भांडण, सगळं कळतं. नुसत्या नावाने काय कळणार? पण इथे मोठ्या साहेबालासुद्धा ड्रायव्हर त्याच्या आईने मारावी तशी हाक मारायचा.

मला एक खोड लागली. टोपी वाळेपर्यंत मी त्या माणसाला विचारायचो, “तुझ्या नावाचा अर्थ काय?”

आमच्यात अर्थाशिवाय नाव नाही. अल्लाचा बंदा, दयाळू, चंद्र, फूल, काहीतरी असतंच. म्हटलं, यांचंही असणार. पण निम्म्याहून जास्त जण नुसतं बघत राहायचे. “अर्थ? नाव आहे रे ते.” फोरमन तेवढा वाचणारा होता, तो सांगायचा. क्रेग म्हणजे खडक. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पलीकडच्या वाडीतला दगडूच हा, फक्त गोरा झालाय. लिरॉय म्हणजे राजा, आणि तो आमच्याकडे तेलाचे पाइप वाहायचा. डेल म्हणजे दरी आणि ग्लेन म्हणजेही दरी, आणि त्या दोन दऱ्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. गॅरी तिघे होते. त्यांच्या आयांनी ते नाव एका सिनेनटावरून घेतलं, आणि त्या नटाने म्हणे ते एका कारखान्यांच्या शहरावरून घेतलं होतं. एकाची मुलगी किंबर्ली, ते आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणीचं गाव. दुसऱ्याची बायको डार्लीन, म्हणजे डार्लिंगलाच शेपूट लावलेलं. आडनावाची नावं केलेली, गावांची नावं केलेली, दोन आज्यांची नावं मधून कापून जोडलेली.

एका बुलडोझरवाल्याने टोपीवर ‘जे डी’ एवढंच घालायला सांगितलं.

“पूर्ण नाव सांग.”

“हेच पूर्ण.”

“जे म्हणजे काय?”

“जे.”

“आणि डी?”

“डी. आमच्या गावाकडे असंच ठेवतात. तुला त्रास होतो का?”

मला त्रास होत होता. दोन अक्षरांवर माणूस जन्मभर उभा राहतो, आणि आत काहीच नाही!

संध्याकाळी कंपनीच्या बसने फिंतासला उतरलो की हे सगळं मी बायकोला सांगायचो. समुद्राजवळ मातीच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, मध्ये अंगण, अंगणापलीकडे घरमालकीण. पाण्याची लॉरी यायची, तिच्यामागे सगळी गल्ली डबे घेऊन धावायची. त्या दिवसांत माझ्या बायकोला हसवणं हे माझं कंपनीतल्यापेक्षा अवघड काम होतं. जे-डीवर ती हसली. मग म्हणाली, “आईने नाव ठेवायला वेळ काढला न्हाय वाटतं.” आणि आत गेली.

ती का आत गेली, ते मला ठाऊक होतं. आमची पहिली मुलगी गावी झाली, भिंतीला धरून चालायला लागली आणि गोवराने गेली. त्यानंतर बायकोला मी इकडे आणलं. दुसरा मुलगा फिंतासला झाला. आमच्यात सातव्या दिवशी जावळ काढतात, नाव ठेवतात. तो सातव्या दिवसापर्यंत राहिला नाही. मौलवीसाहेब म्हणाले होते, गेलेल्या मुलालाही नाव द्यावं. मी हो म्हणालो आणि द्यायचं राहून गेलं. कोणी विचारलं तर बायको “तो दुसरा” म्हणायची. मग तेही म्हणेनाशी झाली.

आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

“औंदा मी गावच्या पद्धतीने करणार,” ती म्हणाली. “माजं हे पोर राहायला पाहिजे. तुमी मधे बोलू नका.”

गावची पद्धत अशी. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिने पोर जन्मलं की ते अशा बाईच्या ओटीत टाकायचं जिचं एकही मूल गेलेलं नाही. ती बाई पोराला नाव ठेवते. मग मूठभर तांदूळ देऊन पोर तिच्याकडून परत विकत घ्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे तिच्या घरचं, इकडे आपलं काम नाही. मौलवीसाहेबांना हे सांगायचं नाही, हाही पद्धतीचाच भाग.

पण फिंतासला अशी बाई आणायची कुठून? घरमालकिणीकडे बघून चालणार नव्हतं. तिचा थोरला मोत्यांच्या बोटीवर गेला तो परत आला नव्हता. तरी सगळी गल्ली तिला त्या थोरल्याचीच आई म्हणून हाक मारायची, खालचे तीन जिवंत असताना. अरबांची रीत तशी. दिवसातून कितीदा तरी ते नाव तिच्या कानावर पडायचं आणि ती “काय गं?” म्हणून शांतपणे ओ द्यायची.

“तुमच्या मोठ्या साहेबाच्या मेमला पोरं किती?” बायकोने विचारलं.

“पाच. मी स्वतः त्यांच्या सायकलींवर नावं रंगवलीत.”

“सगळी धडधाकट?”

“माझ्या अंगावरून सायकल नेतात.”

“मग तीच.”

मी म्हटलं, अगं, ती किरिस्ताव, तिला काय सांगू? ती म्हणाली, “एवढी लिखापढी करता, तर सांगा.”

सांगितलं. म्हणजे, माझ्या इंग्रजीत जेवढं बसलं तेवढं. आमच्या गावात कुणाची किती मुलं, किती गेली, हे विचारावं लागत नाही, माहीत असतं. त्यामुळे विचारायचं कसं, हेच मला येत नव्हतं. मी मेमला म्हणालो, “मॅडम, तुमची सगळी मुलं फार छान. आमच्यात छान मुलांच्या आईने नाव ठेवलं तर नशीब चांगलं.” ती उंच, उन्हाने नाकावर सोललेली बाई. हसली, म्हणाली, “हा तर माझा मान आहे.”

मुलगी झाली. सातव्या दिवशी मेम स्वतः गाडी चालवत आली. तिच्यासाठी शेजारच्या दुकानातून खुर्ची आणली होती, पण ती आमच्या चटईवर बसायला गेली आणि गुडघे कुठे ठेवावेत ते तिला समजेना. बायकोने पोर तिच्या मांडीवर दिलं. मेमने पोराचं डोकं एका हातात असं धरलं की बायको मला हळूच म्हणाली, “हात बघा, सवयीचा हाय.”

“आता तुम्ही नाव सांगा,” मी म्हणालो.

मेम बराच वेळ पोराकडे बघत राहिली. मला वाटलं, विसरली बहुतेक. मग अगदी हळू म्हणाली, “सुझन.”

मी लगेच विचारलं, “अर्थ?”

“फुलाचं नाव आहे. फार जुनं. लिली.”

घरमालकीण दारात उभी होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, “हे तर आमचं सौसन! आमच्या मुलींचं नाव.” खरंच, ते फूल तिकडच्याच जुन्या भाषांमधून फिरत फिरत अमेरिकेला गेलेलं निघालं. माझा जीव भांड्यात पडला. मौलवीसाहेबांना सांगायला सौसन, मेमला सुझन, दोघेही खूश. इतक्या टोप्या रंगवून पहिल्यांदाच मला एका अमेरिकन नावाचा पत्ता आमच्या गल्लीतला सापडला होता. बायकोने तांदळाची मूठ मेमच्या ओंजळीत दिली आणि पोर परत घेतलं. मेमला वाटलं भेट आहे. तिने ते तांदूळ रुमालात बांधून नेले.

गावी माझी थोरली बहीण, आमची बुबू, भडकली. सुट्टीवरून परत आलेल्या गाववाल्याने तिचा निरोप बसस्टॉपवर सगळ्यांदेखत सांगितला, “बुबू बोलली, पोरीचं नाव ठेवायचा हक फुफूचा, आत्याचा. तेलवाल्यांचा कवापासून झाला? म्हणावं, आमच्या आईचं नाव ठेवायचं ठरलं हुतं.” मी मान खाली घालून ऐकलं. बस यायला उशीर झाला, त्यामुळे सगळं ऐकावं लागलं.

पोर वाढत होतं. बायको पुन्हा गाणं म्हणायला लागली, तेही चुलीजवळ, मोठ्याने. सुझन, सुझन, अशा हाका दिवसभर. पोर बसायला लागलं. दात आले. तापाशिवाय आले, ते बायकोने गल्लीभर सांगितलं.

त्या हिवाळ्यात मेम पुन्हा आली. एक पुठ्ठ्याचा डबा आणला होता. आत लोकरीचे छोटे कपडे आणि एक टोपडं. टोपड्याच्या काठावर निळ्या दोऱ्याने इंग्रजी अक्षरं भरलेली होती. अक्षरं वाचणं हा तर माझा धंदा. सुझन.

“बघ,” मी बायकोला म्हणालो, “खास आपल्या पोरीसाठी विणून आणलंय.”

बायकोने टोपडं हातात घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं. “ही लोकर जुनी हाय,” ती म्हणाली. “पिवळी पडलीय. विचारा तिला.”

मला विचारायची गरज पडली नाही. मेमच बोलायला लागली. सावकाश, मला समजावं म्हणून सोपं सोपं बोलत होती, आणि त्या दिवशी मला तिचं इंग्रजी न समजतं तर बरं झालं असतं. तिला सहावं मूलही होतं, मुलगी. म्हणजे क्रमाने तिसरी. अमेरिकेत, घराजवळच्या कबरस्तानात आहे. पाळण्यात असतानाच गेली. हे कपडे तिचे. नवऱ्याने सांगितलं होतं, ते नाव घरात काढायचं नाही, तुला त्रास होतो. आणि मग मी नाव मागायला गेलो. “तुम्ही मला ते परत बोलायची संधी दिलीत,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमच्या मुलीला मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं देत आहे.”

“काय म्हणतेय?” बायकोने विचारलं.

मी म्हणालो, “म्हणतेय, कपडे... तिच्या मुलीचे आहेत.”

“कुठल्या? पाचात तर मोठ्या दोनच मुली. त्यांची नावं तुमीच सांगितलेली.”

सायकलींवरची सगळी नावं मला तोंडपाठ होती, आणि त्यांत सुझन नव्हती, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मेमच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पोर उचलून आत नेलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मेम मला विचारत राहिली, “माझं काही चुकलं का?” मी म्हणत राहिलो, “नो मॅडम, बेबी झोपणार.” पोर आत टक्क जागं होतं, आणि हे दोघांनाही ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून ते नाव बंद झालं. बुबूची जीत झाली. पोरीला माझ्या आईचं नाव ठेवलं. मी चेष्टेने म्हणायला गेलो, “अगं, माझी आईही मेलेलीच आहे की.” बायको म्हणाली, “सासूबाय नातवंडांची लग्नं बघून गेल्या. त्यांचं नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य येतं. त्या तान्ह्या पोरीचं घेतलं तर काय येईल, सांगा?” टोपडं तिने पेटीच्या तळाशी ठेवलं. टाकलंही नाही, घातलंही नाही.

मेमला मी काही सांगितलं नाही. बंगल्यावर कामाला गेलो की ती विचारायची, “सुझन कशी आहे?” मी म्हणायचो, “गुड मॅडम.” हे खोटं नव्हतं. पोरगी चांगलीच होती, फक्त सुझन नव्हती.

कुवेतचा नवा दिनार आला, तोवर तिथे चालणारा आपला रुपया गेला, आणि त्या गडबडीत कंपनीत बदल्या झाल्या. मोठा साहेब अमेरिकेला परत चालला. आमच्या रंगखात्याने त्याच्या पेट्यांवर पत्ता रंगवला. निघायच्या आदल्या दिवशी, दुपार उतरल्यावर, मेम फिंतासला आली. वाळूचं वादळ नुकतंच बसलं होतं, अंगणात सगळ्या वस्तूंवर पीठ चाळल्यासारखी माती होती, बायको ती हातानेच पुसत होती. पोर कोपऱ्यात डबा उलटा करून माती भरत होतं. दोन वर्षांचं झालं असेल.

मेम यावेळी बसलीच नाही. बायकोसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, “तुझ्या बायकोला विचार, ती एकदा माझ्यासमोर मुलीला हाक मारेल का? सुझन म्हणून. मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय. घरी गेल्यावर कुणी काढणार नाही.”

मी बायकोला सांगितलं. यावेळी काही गाळलं नाही.

बायकोचा चेहरा बंद झाला. “तिला सांगा, ते नाव आमी सोडलं,” ती म्हणाली. “सांगा, का सोडलं ते.”

“उद्या जातेय ती. आता कशाला...”

“सांगा म्हणते ना.”

मग मी सांगितलं. पद्धत सांगितली, तांदळाची मूठ कशासाठी ते सांगितलं, आमची पहिली सांगितली, दुसरा सांगितला. माझ्या मोडक्या इंग्रजीत मेलेल्या मुलांची गोष्ट कशी वाटली असेल, कोण जाणे. मेमने तोंडावर हात ठेवला. मग तिने बायकोकडे बघून विचारलं, “त्यांची नावं काय होती?”

बायकोने पहिलीचं नाव सांगितलं. किती तरी वर्षांनी मी ते तिच्या तोंडून ऐकलं. मेमने ते तसंच्या तसं म्हणून पाहिलं, एकदा चुकलं, बायकोने सुधारलं, पुन्हा म्हणाली.

“आणि मुलाचं?”

“त्याला नाव नव्हतं,” मी म्हणालो.

मेमला हे समजेना. त्यांच्यात पोटात असतानाच नाव ठरतं. तिने पुन्हा विचारलं, “पण मग त्याची आठवण आली की तू त्याला काय म्हणतेस?”

मी भाषांतर केलं. बायको म्हणाली, “काय म्हणणार? कायच म्हणत न्हाय. तोंड उघडते नि मिटते.”

हे मला ठाऊक नव्हतं.

घरमालकीण तिच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठी येत नव्हती, कळलं होतं ते फक्त ‘सुझन’, पण आम्हा चौघांत ती एकटीच गोंधळलेली नव्हती. गल्लीतून कुणीतरी जाताना तिला रोजच्यासारखी हाक मारली, थोरल्याची आई, म्हणून. तिने ओ दिली. मग बायकोला अरबीत म्हणाली, “बोलव गं. बोलावल्याने कुणी जात नाही. जाणारे न बोलावताही जातात.”

बायकोने पदर सावरला, कोपऱ्याकडे तोंड केलं आणि हाक मारली.

“सुझन.”

आवाज इतका बारीक निघाला की तिलाच पटला नाही. पोर मातीत खेळत राहिलं. तिने पुन्हा मारली, मोठ्याने, आमच्याकडे खाडीच्या पलीकडे नावाड्याला मारतात तशी, “सुझन गो! ए सुझन!”

पोराने मान वर केली नाही. का करेल? ते नाव त्याचं राहिलंच नव्हतं. डब्यात मूठभर माती घातली, थापटली. मला काही करून ते वळावं असं वाटत होतं. मी त्याचं खरं नाव घेऊन बोलावणार होतो, पण बायकोने हाताने मला थांबवलं.

मेम डोळे मिटून उभी होती. पोर वळलं की नाही, हे तिने पाहिलंच नाही. दोन्ही हाका संपल्यावर तिने डोळे उघडले, बायकोचा मातीने भरलेला हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी म्हणाली. ते मला कळलं नाही आणि बायकोने विचारलंही नाही. मग ती गाडीत बसून गेली. तिचं पत्र वगैरे कधी आलं नाही. आम्ही कुठे पाठवलं होतं?

त्यानंतर बायकोने एक सुरू केलं. तिन्हीसांजेला पोरीला घरात बोलवायची ती माझ्या आईच्या नावाने, आणि पोर दारापर्यंत आलं की एकदा, हळू, दुसऱ्या नावाने. पोरीलाही सवय झाली, त्या नावालाही ती ओ द्यायला लागली. मी एकदा विचारलं, “घाबरत नाहीस आता?”

“घाबरते ना,” ती म्हणाली. “पण त्या मेमच्या घरी कोण हाक मारणार हाय?”

आणि पोर जवळ आलं की तिने त्याला आत घेतलं, पदराने तोंड पुसलं, आणि हाताची पाठ त्याच्या कपाळाला लावून ताप नाही ना ते बघितलं. त्या नावाने बोलावलं की रोज बघायची.